रिवाइंडिंगच्या गाळ्यापासून चार्जिंग पॉइंटपर्यंत : आमची वाटचाल

माझ्या वडिलांनी १९९१ साली साताऱ्यात एका भाड्याच्या गाळ्यात मोटार रिवाइंडिंगचे दुकान सुरू केले. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी आसपासच्या गावांतून टेम्पोत घालून येत आणि वडील त्यांतली जळकी तार उपसून नवी भरत. त्यातूनच पुढे घरांच्या वायरिंगची आणि एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांच्या पॅनेलची कामे मिळू लागली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी २००८ साली दुकानात आले, तेव्हा वडिलांनी मला आधी हिशेबाची वही दिली नाही, तर अर्थिंगचा, म्हणजे गळती झालेली वीज सुरक्षितपणे जमिनीत सोडणारा, खड्डा कसा भरायचा ते दाखवले. मीठ आणि कोळसा थराथराने, मध्ये तांब्याची प्लेट, आणि दर उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी. आमच्या भागात हातभर मातीखाली काळा कातळ लागतो आणि मे महिन्यात तो इतका कोरडा होतो, की जानेवारीत तीन ओहम दाखवणारे अर्थिंग तेव्हा बारा-पंधरा ओहमपर्यंत चढलेले आम्ही मोजलेले आहे. ओहम म्हणजे जमिनीत जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितके अर्थिंग चांगले. हे ज्ञान पुढे विजेच्या गाड्यांच्या कामात इतके उपयोगी पडेल, असे तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात आले नव्हते.

२०२१ साली आम्ही स्वतःसाठी नेक्सॉन ईव्ही घेतली. बॅटरी ३०.२ युनिटची आणि सोबत पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटला लागणारा चार्जर. आपणच वायरिंगवाले, तेव्हा पोर्चमधला पॉइंट पुरेसा आहे असे आम्ही गृहीत धरले. नवव्या रात्री बेकेलाइट भाजल्याचा वास आला म्हणून मी बाहेर गेले, तर प्लगवर बोट टेकवत नव्हते. सॉकेट उघडले तेव्हा न्यूट्रलच्या स्क्रूभोवतीचा भाग तपकिरी पडलेला होता आणि तारेचे इन्सुलेशन पेराएवढे मागे आक्रसलेले होते.

या कामाचे सगळे मर्म त्या एका सॉकेटमध्ये होते. दोन किलोवॅटचा गिझर आपण पंधरा-वीस मिनिटे चालवतो, इस्त्रीचा थर्मोस्टॅट थोड्या थोड्या वेळाने बंद होतो, पण गाडी मात्र चौदा-पंधरा अँपिअर करंट आठ-नऊ तास अखंड ओढत राहते. असा भार आपल्या घरांच्या वायरिंगने यापूर्वी कधी पाहिलेलाच नसतो. एखादा स्क्रू किंचित सैल असला, तर तो रात्रभर तापतो, सकाळी निवतो, या रोजच्या प्रसरण-आकुंचनाने आणखी सैल होतो आणि पुढच्या रात्री अधिक तापतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काही बिघडले नाही, याचा अर्थ जोडणी योग्य आहे असा होत नाही.

आमची गाडी पाहून ओळखीचे लोक विचारू लागले आणि कामे सुरू झाली. दुसऱ्याच कामात आमची मोठी चूक झाली. ग्राहकाला नव्या रंगाची भिंत फोडायची नव्हती, म्हणून आम्ही सॉकेट आणि एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) नवे बसवून मधली अडीच स्क्वेअर मिलिमीटरची जुनी तार तशीच ठेवली. दोन महिन्यांनी जिन्याखालच्या जंक्शन बॉक्समधला जोड वितळला. घराला काही झाले नाही, परंतु त्या घरात दोन लहान मुले होती आणि ती गोष्ट आजही माझ्या मनातून जात नाही. आम्ही पूर्ण लाइन स्वखर्चाने बदलून दिली. तेव्हापासून मुख्य बोर्डापासून गाडीपर्यंत मध्ये एकही जोड नसलेली स्वतंत्र तार, साध्या चार्जरला चार आणि ७.२ किलोवॅटच्या चार्जरला किमान सहा स्क्वेअर मिलिमीटरची, स्वतंत्र एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरची, ए टाइपची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांखेरीज आम्ही काम घेत नाही. एसी टाइपची आरसीसीबी स्वस्त पडते, पण चार्जरमधून येणारी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, घटक असलेली गळती तिला नीट ओळखता येत नाही. दर पाहून परत गेलेले ग्राहक बरेच आहेत आणि त्यांतले काही वर्षभराने जळका प्लग हातात घेऊन आले, तेव्हा आम्हाला वाईटच वाटले.

सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे आणि चार्जिंगसाठी एक्स्टेन्शन वापरू नये, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियमच आहे. तरीही खिडकीतून बाहेर सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड आम्हाला आजही दर महिन्याला कुठे ना कुठे दिसतो, आणि पावसाळ्यात तो पाहिला की पोटात गोळा येतो.

वाईजवळच्या एका गावातून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला, तो प्रसंग आमच्या धंद्याला वळण देणारा ठरला. “बाई, गाडी नवीन, चार्जर नवीन, मग लाल दिवा का लागतो?” असे त्यांनी विचारले. शोरूमने दोनदा चार्जर बदलून दिला होता. आम्ही मीटर लावला, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एकोणीस व्होल्ट दिसले. त्यांचे घर गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला होते, तिन्ही फेजवरचा भार असमान होता आणि घराचे अर्थिंग म्हणजे नळाच्या पाइपला गुंडाळलेली एक तार होती. तो पाइपही पुढे प्लॅस्टिकचा झालेला होता. चार्जर योग्य अर्थ मिळत नसल्याचे ओळखून वीज घेणे नाकारत होता, म्हणजे तो स्वतःचे काम चोख करत होता. आम्ही गोठ्यामागे, जिथे जमिनीत ओल टिकते तिथे, अर्थिंगचे दोन इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायचे धातूचे दांडे) सहा फूट अंतराने पुरून एकमेकांना जोडले, फेजच्या भाराबद्दल महावितरणकडे अर्ज करायला लावला आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज दोन व्होल्टच्या खाली आणले. त्या रात्री हिरवा दिवा लागल्यावर गुरुजींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. पुढे वाई आणि जावळी तालुक्यांतली निम्मी कामे त्यांच्या शब्दावर आली.

खर्चाबद्दल ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगणे, हा आमच्या कामाचाच भाग आम्ही मानतो. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करता येते. महिन्याला हजार किलोमीटर चालवली, तर अशा गाडीला साधारण दीडशे युनिट लागतात. परंतु घरगुती दर टप्प्यांचा असल्यामुळे, ज्या घराचा वापर आधीच अडीचशे युनिटांचा आहे, त्या घराचे पुढचे बरेचसे युनिट तीनशेच्या वरच्या महाग टप्प्यात जातात, आणि विक्रेत्याने सांगितलेला ‘किलोमीटरला एक रुपया’ हा हिशेब त्या घरी जुळत नाही. तरीही पेट्रोलच्या तुलनेत फार मोठी बचत होते, ती आम्ही स्वतः अनुभवतो. छपरावर सौर पॅनेल असेल तर प्रश्नच उरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये छपरावरच्या सौर संचाला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना आल्यापासून चार्जिंग पॉइंट आणि सौर संच ही दोन्ही कामे आमच्याकडे बऱ्याचदा एकत्रच येतात.

पुण्यातली सोसायट्यांची कामे मात्र तांत्रिकदृष्ट्या सोपी आणि माणसांच्या दृष्टीने अवघड निघाली. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत साठ-सत्तर मीटर केबल नेणे, व्होल्टेज किती पडेल ते मोजून केबल एक माप जाड घेणे, हे आम्हाला येते. पण एका सोसायटीच्या कमिटीने आगीच्या भीतीने एका सभासदाची परवानगी पाच महिने अडवून ठेवली आणि त्या काळात तो गृहस्थ तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून गाडी चार्ज करत राहिला. ज्या भीतीपोटी परवानगी नाकारली, तोच धोका त्या नकाराने वाढला, हे मला फार खटकले. शेवटी मी सभेत गेले, जळका आणि चांगला असे दोन्ही प्लग टेबलावर ठेवले आणि आग कशी लागते ते दाखवले. त्याच सभेत आणखी चार सभासदांनी नावे दिली.

२०२३ साली महामार्गावरच्या एका हॉटेलमालकांसाठी आम्ही पहिला तीस किलोवॅटचा डीसी चार्जर, म्हणजे घरच्या चार्जरपेक्षा वेगाने गाडी भरणारा, उभा केला. चार्जिंग ही सेवा आहे, तिच्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच केलेला आहे, तरी त्यांच्या मनात धाकधूक होती. हॉटेलच्या चालू जोडणीवरच चार्जर लावावा असा त्यांचा आग्रह होता. चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा दरवर्ग असल्याने स्वतंत्र मीटर घेण्यातच त्यांचे हित आहे, हे त्यांना पटवायला तीन बैठका लागल्या. कोल्हापूर-गोव्याकडे जाणारे लोक तिथे चाळीस-पन्नास मिनिटे थांबतात, गाडी ऐंशी टक्के भरली की निघतात. त्यापुढे बॅटरी करंट कमी घेत जाते, तेव्हा शंभर टक्क्यांसाठी थांबून मागच्याची रांग वाढवू नये, अशी मराठी पाटी आम्ही तिथे लावली आहे.

आज आम्ही अकरा जण आहोत. काम झाल्यावर महिन्याने आमचा वायरमन परत जातो, वीज बंद करून सॉकेट उघडतो आणि प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळतो. याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. वडील आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एप्रिल लागला की ते जुनी वही काढून कातळावरच्या घरांना स्वतः फोन करतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात. यंदा त्या यादीतल्या नऊ ठिकाणी रीडिंग पाच ओहमच्या वर गेलेले आढळले आणि पाऊस पडण्याआधी आम्ही तिथे दुसरा इलेक्ट्रोड पुरून दिला.