अबॅकसचा वर्ग: ऐकून मणी मांडण्याचा टप्पा

हर्णैजवळच्या आमच्या वाडीत पडवीतला वर्ग पावसाळ्यात चांगला भरतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे घरची मोठी माणसंही येऊन टेकतात. मुलं दुसरी ते पाचवीतली. सगळ्यांकडे जपानी पद्धतीचा अबॅकस आहे: एकक, दशक अशी एकेका अंकासाठी एक दांडी, आणि प्रत्येक दांडीवर आडव्या पट्टीच्या वर पाचाचा एक मणी, खाली एकाचे चार.

छोटे मित्र (मिळून पाच होणाऱ्या जोड्या) आणि मोठे मित्र (मिळून दहा होणाऱ्या) आता बोटांत बसले आहेत. 47 मध्ये 38 मिळवताना दशकाच्या दांडीवर चार मणी आधीच वर असतात, तिथे तीन मावत नाहीत; मग पाचाचा मणी खाली घ्यायचा आणि दोन काढायचे. झाले 77. एककात आठ मिळवायचे तर दोन काढून शेजारच्या दांडीवर एक चढवायचा. 85. हे करताना कुणी तोंडाने पुटपुटत नाही, हे मला फार आवडतं. अंगठा वर ढकलतो, तर्जनी खाली आणते, तेवढंच.

खरं काम आता सुरू झालं आहे ते ऐकून मांडण्याचं. मी मराठीतच आकडे सांगते. अबॅकस डावीकडून, म्हणजे दशकापासून मांडतात. 'सत्तेचाळीस'मध्ये मात्र सात आधी ऐकू येतात, त्यामुळे हात आधी एककाकडे धावतो. 'एकोणपन्नास' आणखी अवघड. पन्नास ऐकून दशकावर पाचाचा मणी खाली येतो, तिथे हवे असतात चार. नव्याण्णव तेवढा सरळ. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस सात' अशी पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता! नव्या मुलांना मीही सुरुवातीला 'चाळीस सात' असंच सांगते, पण फार दिवस नाही.

आकडे इंग्रजीत सांगितले तर ही अडचणच येत नाही, असं अनेक शिक्षक सांगतात. मला ती अडचण हवी आहे. आता नियम असा: आकडा पूर्ण ऐकायचा, हात मांडीवर ठेवायचा, मनात दांड्या दिसल्या की मगच मणी हलवायचा. या थांबण्यातच मनातला अबॅकस तयार होतो, असं मला वर्गात दिसतं आहे. ज्यांना हे थांबणं जमलं, त्यांचाच अबॅकस मी आधी झाकला आणि त्यांची बोटं हवेत बरोबर चालली.

झाकल्यावर दोन अंकी बेरजा चांगल्या होतात, तीन अंकींवर गाडी अडते. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "काकी, उजवीकडचं नीट दिसतंय, पण डावीकडची दांडी पुसट होते." हे ऐकून मला अतिशय आनंद झाला, कारण ती पाठ केलेलं बोलत नव्हती, खरोखर पाहत होती. मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर या मानसशास्त्रज्ञांनी गुजरातमधल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच आढळलं होतं: मनातल्या अबॅकसवर साधारण तीन-चार दांड्याच नीट धरता येतात. म्हणून तीन अंकांवर अडखळणाऱ्या मुलाला ओरडू नये. मी तिला तिसरी दांडी आधी एकटीच पाहायला लावते, मग इतर दोन.

पालक विचारतात, याने मूल सगळ्याच विषयांत हुशार होईल का? मी सरळ नाही म्हणते. बार्नर आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्यात तीन वर्षं केलेल्या तुलनेत अबॅकस शिकलेली मुलं अंकगणितात पुढे गेली, पण स्मरणशक्तीसारख्या सर्वसाधारण क्षमता वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. मुलाला आकडे स्वच्छ दिसू लागणं हे मला पुरेसं मोठं वाटतं.

एक आजोबा रोज येतात. त्यांना पावकी, दिडकी, अडीचकी हे पाव, दीड, अडीच पटीचे जुने पाढे अजून तोंडपाठ आहेत. मुलं अबॅकसवर आणि ते तोंडाने, असा सामना परवा झाला. सातची दीडपट त्यांनी मणी हलायच्या आत सांगितली, लांबलचक बेरजेत मात्र मुलं पुढे गेली. गुणाकार सुरू करेन तेव्हा पाढे त्यांच्याकडूनच म्हणवून घेणार आहे, कारण मण्यांवर गुणायचं तरी एकेका अंकाचा पाढा डोक्यात हवाच. तोवर रोज दहा आकड्यांची एक रांग, मराठीतून, आणि त्यात एक तरी एकोण-चा आकडा.