काना, मात्रा आणि पाच तारे

कीबोर्ड घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवीही मी अजून पुरती काढली नव्हती, तोच यजमानांच्या फोनवर निरोप येऊन थडकला : ‘आपण घेतलेल्या वस्तूबद्दल आपण किती समाधानी आहात?’ खाली पाच पोकळ तारे होते आणि त्यांच्याखाली दोन शब्द लिहिण्यापुरती जागा होती. मागणी यजमानांच्या खात्यावरून नोंदवली होती, त्यामुळे समाधानाची विचारपूसही त्यांच्याकडेच झाली. त्यांनी फोन माझ्यापुढे धरून ‘काय लिहू?’ असे विचारले, तेव्हा मी म्हटले, ‘थांबा जरा, लोणचे घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मुरले का म्हणून कोणी विचारते का?’

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९९४ साली ग्राहकांच्या समाधानाचा एक निर्देशांक सुरू झाला आणि तो शून्य ते शंभर अशा मोजपट्टीवर इतर अनेक वस्तूंबरोबर घरगुती संगणकांचेही समाधान मोजतो. त्यामागे शास्त्र असणार आणि ते उत्पादकांच्या उपयोगाचेही असणार. पण टेबलावरच्या संगणकाच्या मालकिणीला एकच आकडा सांगा म्हटले, तर तिने तो कोणाचा सांगायचा, असा प्रश्न मला पडतो. पडद्याचा, पंख्याचा, की कीबोर्डाचा? मॉनिटरवर मी प्रसन्न असते त्याच दिवशी वीज गेल्यावर संगणक तगवणाऱ्या यूपीएसच्या नावाने बोटे मोडत असते.

माझा संगणक २००३ सालचा आहे असे मी कोणाला सांगितले की माझा मुलगा लगेच दुरुस्ती करतो : ‘संगणक नाही, डबा २००३ चा आहे.’ त्याचे बरोबर आहे. त्या कॅबिनेटमध्ये आज २००३ सालचे काही उरलेले नाही. मूळचा पांढुरका रंग आता जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट झालेला तो पत्र्याचा आणि प्लास्टिकचा डबा तेवढा टिकला, आणि त्यातले अवयव एकेक करून, कोणी रुसून तर कोणी फुटून, निघून गेले. त्यांच्या जागी नवे येऊ शकले याचे श्रेय मी मोठे मानते. आयबीएमने १९८१ साली आपला पहिला पर्सनल काँप्युटर बाजारात आणला तो बहुतांशी इतरांकडून घेतलेले भाग जुळवून, आणि पुढे असे भाग कोणीही बनवावेत व कोणीही जोडावेत अशी रीतच पडली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात ती मुख्य पाटी, केवढा असावा, त्याला स्क्रूची भोके कुठे असावीत, मागच्या बाजूला जोडण्यांची पट्टी कुठे यावी, हे एकदा ठरले, म्हणून २०१४ साली घेतलेला बोर्ड माझ्या २००३ च्या डब्यात जुन्याच भोकांवर मुकाट्याने बसला. माप पाळले म्हणजे पिढ्यांमध्ये भांडण होत नाही, हे मी घरातल्यांच्या बाबतीत म्हणू शकणार नाही, पण बोर्डाच्या बाबतीत म्हणते.

तो पहिला संगणक आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणला. कागदोपत्री त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण ग्रँट रोड स्टेशनात उतरून ते नाव विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी तेव्हा नुकतीच भाषांतराची कामे घरून करू लागले होते. तीन दुकाने फिरून तीन कोटेशने काढली आणि चौथ्या दुकानात बसून त्या कागदावरच्या ओळी खोडत, पुन्हा लिहीत, अखेर बजेटात बसवल्या : २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, १७ इंची मॉनिटर. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, कॅबिनेट कोणपण चांगलं दिसतं. आत काय टाकायचं ते बोला.’ मी प्रोसेसरवर घासाघीस केली आणि आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण तो डब्यासोबत फुकट येत होता. मग पंधरा-सोळा किलोंचा तो मॉनिटर टॅक्सीतून दादरला आणि दादरहून मालडब्यातून डोंबिवलीला आणताना यजमानांनी जे काही म्हटले, त्याचा समावेश कोणत्याही निर्देशांकात झालेला नसावा.

असमाधानाचा पहिला प्रसंग त्याच रात्री घडला. ४० जीबी म्हणून घेतलेली डिस्क पडद्यावर ३७ जीबी दाखवत होती. मापात पाप झाले असे समजून मी दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘सगळ्यांची तेवढीच येते.’ यातला हिशेब मला पुष्कळ नंतर कळला. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात, म्हणजे त्यांचा एक जीबी शंभर कोटी बाइटांचा असतो, आणि विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, म्हणून तिचा जीबी सात टक्क्यांहून थोडा जास्तच मोठा निघतो. दोघेही खरे बोलत असतात. ५०० ची डिस्क ४६५ दाखवते ती याच न्यायाने. दूधवाल्याचा लिटर आणि आपल्या पातेल्याचा लिटर निराळा असावा असा हा प्रकार आहे, आणि तो समजल्यावर माझा राग गेला तरी तीन जीबींची रुखरुख गेली नाही.

फुकटचा एसएमपीएस दीड वर्षात गेला. लोडशेडिंग संपून वीज आली, मी बटण दाबले, फट् असा आवाज झाला आणि खोलीत जळक्या मासळीसारखा वास पसरला. त्याच्या अंगावरच्या चिठ्ठीवर ४०० वॅट असे छापले होते, तो आकडा कोणाचा होता कोण जाणे. त्यानंतर २००६ मध्ये बोर्ड आजारी पडला. संगणक वाटेल तेव्हा आपोआप बंद पडू लागला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाने झाकण काढून विजेरी मारली आणि प्रोसेसरच्या शेजारी ओळीने उभ्या असलेल्या नळकांड्या मला दाखवल्या. चांगल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या अशा नळकांडीचा, माथा सपाट असतो, त्यावर फुलीसारखी खाच असते. यातल्या पाचांचे माथे टम्म फुगले होते आणि एकाच्या खाचेतून तपकिरी चिकटा बाहेर आला होता. ‘ताई, पुऱ्या फुगल्यात बघा,’ असे तो म्हणाला. त्या काळात जगभर अनेक बोर्डांची हीच गत झाली होती. आतल्या द्रवाचे मिश्रण सदोष असल्यामुळे त्यात वायू तयार होई आणि नळकांडी फुगून मरे. माथ्यावरची खाच असते ती, वायू कोंडून स्फोट होण्याऐवजी तिथून वाट मिळावी म्हणून. त्याने पाचही कपॅसिटर उपटून नवे डाखले, वडापावच्या काही खेपांइतके पैसे घेतले आणि तो बोर्ड पुढे चार वर्षे चालला. मी त्या बोर्डावर समाधानी होते की नव्हते? फुगला म्हणून नव्हते, पण दुरुस्त झाला म्हणून होते, आणि दुसरे समाधान पहिल्या रागापेक्षा जास्त टिकले.

याच मुलाने मला एकदा फोनवरून रॅम साफ करायला शिकवले. जुलै महिना होता, चार दिवस पाऊस थांबला नव्हता, भिंतींना ओल आली होती आणि दुपारी बाराला एक भाषांतर पाठवायचे होते. बटण दाबले तर पडदा काळा आणि आतून लांब, हेल काढल्यासारख्या शिट्या. तो म्हणाला, ‘वायर काढा, झाकण उघडा, रॅम काढा आणि खोडरबरनं पुसा.’ मुलाच्या कंपासपेटीतला अर्धा झिजलेला खोडरबर मी घेतला. रॅमची पट्टी दोन्ही टोकांच्या पांढऱ्या चिमट्यांत धरलेली असते. ते अंगठ्यांनी बाहेर सारले की पट्टी आपोआप वर उचलली जाते. तिच्या खालच्या काठाला सोनेरी दातांची रांग होती, आणि त्या सोन्यावर तांब्याच्या गडव्यावर चढते तशी मळकट छटा आली होती. मी एकाच दिशेने हलके घासत गेले, तसा खोडरबर काळा होत गेला आणि दात उजळत गेले. चुरा फुंकून टाकला, पट्टी खाचेत ठेवून दोन्ही बाजूंनी दाबली, कट् कट् असे दोन आवाज आले. मग वायर लावून बटण दाबले, तर एकच आखूड शिटी झाली आणि पडदा उजळला. टाकी लावून घेतलेल्या पाट्यावर पहिली चटणी वाटताना आईचा चेहरा जसा होत असे, तसा माझा झाला असावा. मागे उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्याशासाठी त्याला शंभर रुपये देत होतो होय आपण?’

माउसबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. गोळीच्या माउसची गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडणे हे एक काम होते, ते प्रकाशावर चालणारे माउस आल्यावर संपले आणि त्याची कोणालाही आठवण येत नाही. यूपीएसची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी मरते, आणि मरण्यापूर्वी नेमकी मध्यरात्री ओरडते. मागच्या जोडण्यांना रंग देण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांना मात्र मी मनापासून दुवा देते. कीबोर्डाची गोल पिन जांभळी आणि माउसची तशीच दिसणारी पिन हिरवी, हे ठरल्यामुळे दिवाळीच्या रंगकामानंतर सासऱ्यांनी सगळा संगणक मला न विचारता पुन्हा जोडला होता.

खर्च आणि समाधान यांचे सर्वांत चांगले गणित २०१८ साली जमले. जुनी हार्ड डिस्क काढून मी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते आणि तिच्यावरची दांडी हवी ती माहिती शोधत पुढे-मागे धावत असते. एसएसडीमध्ये धावणारे काहीच नाही. पूर्वी मी बटण दाबून चहाचे आधण ठेवी आणि कप घेऊन येई, तेव्हा कुठे विंडोज तयार होत असे. आता आधणाला बुडबुडे येण्यापूर्वीच यंत्र समोर हात जोडून उभे असते. त्या दोन-तीन मिनिटांत मी काही महत्त्वाचे करत नव्हते, तरी ती गेली याचे थोडे वाईट वाटते.

पण मला मूळ सांगायचे होते ते कीबोर्डाचे. माझा जुना कीबोर्ड टीव्हीएस गोल्ड आहे. बँकांमध्ये आणि हिशेबनिसांच्या टेबलांवर अनेकांनी तो पाहिला असेल, न पाहिलेल्यांनी ऐकला तरी असेल. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र यांत्रिक स्विच असल्याने अक्षर उमटले की बोटाला टिचकी जाणवते आणि घराला ऐकू जाते. मी इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीने, लिहिते. त्यात स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, शिफ्ट दाबला की क चा ख आणि त चा थ होतो. कळांवर छापलेली अक्षरे मात्र इंग्रजी आहेत, आणि ती झिजली आहेत मराठीप्रमाणे. इंग्रजी ‘ई’ पूर्ण पुसला गेला आहे, कारण तिथे काना आहे. ‘एस’ची मात्रा, ‘डी’चा हलन्त, ‘जे’चा र आणि अगदी कोपऱ्यातल्या तिरक्या रेघेची कळ, जिथे य राहतो, या सगळ्या गुळगुळीत झाल्या आहेत. ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’ मात्र कालच आणल्यासारखे आहेत, कारण औ आणि ऐ यांच्या मात्रा आपल्याला फारशा लागत नाहीत. मुलगा एकदा पासवर्ड टाकायला बसला आणि ओरडला, ‘आई, ई कुठे आहे?’ मी स्वयंपाकघरातून म्हटले, ‘ई माहीत नाही, काना कुठे आहे ते सांगू शकेन.’

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विळी, कात्री आणि माझा डबा यांना हळदकुंकू वाहिले. त्यानंतर बाराच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार, म्हणजे तिच्यासाठी नेहमीच्या सुधारणा पाठवणे, थांबवला. विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसर लागतात आणि माझा चौथ्या पिढीतला, म्हणजे काही न बिघडता बाद. फुटलेल्या एसएमपीएसचा मला एवढा राग आला नव्हता, कारण त्याने निदान वास सोडून कळवले होते. मी विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवून घेतली, त्यातही इनस्क्रिप्ट निघाले, आणि विषय मिटला.

मिटला म्हणेपर्यंत काना बिघडला. कळ एकदा दाबली की दोनदा उमटू लागला. ‘राम’ लिहावे तर र च्या पुढे दोन खांब उभे राहत. यजमानांना ही पर्वणीच वाटली, आणि वीस वर्षांच्या रात्रीच्या टकटकीवर उतारा म्हणून त्यांनी बिनआवाजी म्हणून जाहिरात केलेला कीबोर्ड मागवला. त्याच्या कळांखाली रबराचा पडदा आहे, त्यामुळे अक्षर उमटले की नाही हे डोळ्यांनी पाहावे लागते. मी आठवडाभर त्यावर भिजलेल्या पोह्यांवर बोटे फिरवल्यासारखे लिहिले, आणि जुना कीबोर्ड गल्लीतल्या त्या मुलाकडे दिला. तो आता चाळिशीला आला आहे आणि मलाही ताईऐवजी काकू म्हणू लागला आहे. त्याने मला विचारले, ‘काकू, यातली कोणती कळ तुम्ही कधीच वापरत नाही?’ मी म्हटले, स्क्रोल लॉक. त्याने तिच्याखालचा स्विच काढून कान्याखाली डाखला आणि कान्याचा थकलेला स्विच स्क्रोल लॉकखाली निवृत्तीला पाठवला.

मधल्या त्या शांत आठवड्यात यजमानांनी माझी वाट न पाहता पाचही तारे भरून टाकले होते आणि खालच्या जागेत मनापासून लिहिले होते : ‘आवाज येत नाही.’ मी दुरुस्त झालेला कीबोर्ड घेऊन घरी पोहोचले त्याच संध्याकाळी त्यांना उत्तर आले. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर होती आणि आवाज लवकरात लवकर पूर्ववत होईल, अशी तिने ग्वाही दिली होती. रात्री साडेअकराला मी राहिलेले भाषांतर लिहायला बसले, तेव्हा आतल्या खोलीतून यजमान म्हणाले, ‘झाला.’