कंडक्टर ताईंची तुळस

नाशिकला गंगापूर रोडवर माझा टॅटू स्टुडिओ आहे, आता ९ वर्षं होतील. मनगटावर नाव, दंडावर त्रिशूळ, पाठीवर महाराज, लग्नाची तारीख, रोजचं काम हेच. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात एक ताई आल्या आणि डावा हात पुढे करून म्हणाल्या की इथे तुळस गोंदायचीय, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वय पन्नाशीच्या जवळपास, अंगात खाकी, एसटीत कंडक्टर आहेत हे सांगायची गरजच नव्हती.

फॉर्म भरताना मी सगळ्यांना विचारते तसं विचारलं, शुगर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, काही ऑपरेशन झालंय का. त्या म्हणाल्या, झालंय ना, डाव्या बाजूचं स्तन काढलं २०२१ ला, कॅन्सर होता. मी पेन खाली ठेवलं. काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढल्यात का विचारलं तर म्हणाल्या, हो, चौदा.

मग त्या हाताला नाहीच म्हणावं लागलं. गाठी काढल्या की त्या बाजूच्या हातातलं लसिकेचं पाणी नीट वाहून जात नाही, छोट्याशा जखमेत इन्फेक्शन झालं तरी हात सुजू शकतो आणि एकदा ती सूज धरली की जन्मभर सांभाळत बसावं लागतं. म्हणून तर डॉक्टर त्या हातावर सलाईन, बीपीचा पट्टा शक्यतो टाळतात. ताईंना हे माहिती होतं, पण त्यांना वाटलेलं की ते औषधाच्या सुईपुरतंच असेल.

मी म्हटलं उजव्या हातावर करूया. त्या गप्प बसल्या. मग सांगितलं की त्यांच्या आईच्या डाव्या हातावर तुळस होती, लहानपणी जत्रेत गोंदलेली, हिरवी पडलेली. आई म्हणायची की माणूस गेल्यावर सोनंनाणं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. किमो चालू असताना, ते लाल औषध चढायचं तेव्हा म्हणे त्या डोळे मिटून आईचा तो हात आठवायच्या, बाकी काही आठवायचं नाही, फक्त हात. माझ्या आजीच्याही हातावर गोंदण होतं, कपाळावरही होतं, त्यामुळे मला ते लगेच डोळ्यासमोर आलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग जिथं कापलंय तिथंच काढ."

खरं सांगते, मी तोवर असं काम केलेलं नव्हतं. व्हिडिओ भरपूर पाहिलेले, अमेरिकेत मेरीलँडला विनी मायर्स म्हणून एक टॅटू आर्टिस्ट आहे तो अशा बायकांना स्तनाग्र आणि त्याभोवतीचं वर्तुळ असं काही शेडिंग करून देतो की सपाट कातडीवर उठाव आहे असंच वाटतं, कितीतरी बायका लांबून लांबून त्याच्याकडे जातात. मला वाटलं यांनाही तेच बरं वाटेल म्हणून टॅबवर फोटो दाखवले. ताईंनी सगळे नीट बघितले आणि टॅब परत दिला. "छान आहे गं, पण जे गेलं त्याचं चित्र नको मला. तुळसच पाहिजे."

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आधी डॉक्टरांचं पत्र आणा म्हटलं. तेव्हा त्या म्हणाल्या की तू पत्र तरी मागितलंस, आधी एका ठिकाणी गेले होते, तिथं कॅन्सर शब्द ऐकल्यावर चार गिऱ्हाइकांसमोर आम्हाला रिस्क नको म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं, मी जिन्यातच बसले जरा वेळ. मला फार वाईट वाटलं. भीती वाटणं चुकीचं नाही हो, रेडिएशन झालेली कातडी म्हणजे जबाबदारीचं काम आहे, येत नसेल तर करूच नये. पण नाही म्हणायचं तर खुर्ची द्या, पाणी द्या, समजावून सांगा, मग नाही म्हणा. आपल्याच धंद्यातल्या लोकांना हे मी अगदी कळकळीने सांगते.

दोन आठवड्यांनी पत्र घेऊन आल्या. रेडिएशन संपून दोन वर्षं उलटून गेलीत, कातडी बरी आहे, काखेच्या जवळ जायचं नाही, टॅटूचा फोटो आणि नोंद फाईलमध्ये लावायची. नोंद कशाला, तर शाईचे बारीक कण गाठींपर्यंत जातात आणि पुढे कधी मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, ते कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, मग कॅन्सर परत आला की काय अशी विनाकारण घाबरगुंडी. आणि शेवटी एक ओळ, रेडिएशनच्या तीन खुणांना हात लावू नये.

त्या खुणा मी पहिल्यांदाच पाहिल्या. रेडिएशन देताना मशीन रोज अचूक त्याच जागी लागावं म्हणून काही ठिकाणी सुईने शाईचे ठिपके टोचतात, कायमचे, तिळाएवढे. ताईंचं १५ दिवस रेडिएशन झालेलं. दोन ठिपके दोन्ही कुशींना आणि एक छातीच्या मधोमध. कुशीतले लांब होते, पण मधला माझ्या डिझाइनच्या वाटेत येत होता. ताई म्हणाल्या, पहिलं गोंदण मला तिथंच झालं बघ.

ते ऐकल्यावर मी आधीचं डिझाइन टाकून दिलं. मी काढलेली तुळस नाजूक, शेडिंगवाली, आजकालची होती. जुन्या गोंदणात शेडिंग कुठे असतं, रेघ आणि ठिपका, बस. मग तसंच काढलं, खाली चौकोनी वृंदावन, वर सरळ रेघांची तुळस, आणि तिच्यापासून छातीच्या मध्यापर्यंत ठिपक्यांची ओळ, जिचा शेवटचा ठिपका मी काढायचा नाही, तो हॉस्पिटलचा.

मंगळवार ठरवला. शटर अर्धं ओढलं, मदतीच्या मुलाला सुट्टी दिली. ताईंसोबत त्यांच्या डेपोतली मैत्रीण होती, तीही कंडक्टरच. स्टेन्सिल, म्हणजे कागदावरून कातडीवर उमटवलेला डिझाइनचा छाप, तीनदा पुसून परत लावलं, कारण व्रणाच्या दोन्ही बाजूंची कातडी सारखी ताणलेली नव्हती, त्या आडव्या झाल्या की सरळ आणि बसल्या की तुळस कलंडायची. शेवटी बसवून आरशात बघून जागा पक्की केली.

त्या कातडीचं काय सांगू. कुठे दोरीसारखी जाड, तिथे शाई धरतच नाही, आणि दोन बोटं सरकलं की कागदासारखी पातळ, खाली थेट बरगडी, जरा खोल गेलं तर शाई आत पसरून रेघ फुटणार. मी मशीन हळू ठेवलं, हात हलका, एक रेघ झाली की थांबायचं. बऱ्याच भागात ताईंना टोचलेलं कळतच नव्हतं, नुसती बरगडीत घरघर जाणवायची, आणि मग मध्येच एखादी जागा अशी यायची की त्या एकदम दचकायच्या. मी म्हटलं दुखलं की सांगा हं, लगेच थांबते. त्या म्हणाल्या बेल देते.

आणि खरंच दिली. पलंगाच्या कडेवर बोटाने एक टकटक म्हणजे थांब, दोन टकटक म्हणजे चल. मैत्रीण उशाशी बसून दुसरा हात धरून स्टॉप म्हणत होती, नाशिकरोड, शिंदे, सिन्नर, नांदूर शिंगोटे, संगमनेर, परत उलटे. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलला जाताना ती हेच करायची म्हणे. ताईही मध्ये मध्ये बोलत होत्या, २०२३ ला बायकांना हाफ तिकीट झाल्यापासून गाडीला किती गर्दी असते, धक्का नेमका डाव्या बाजूला बसतो, मग तिकिटाचं मशीन मी ढालीसारखं धरते. अडीच तास गेले. सिंगल बेल अकरा वेळा झाली, मी मोजत होते. काम चालू असताना माझा हात स्थिर होता, मशीन बंद केल्यावर मात्र थरथरायला लागला, मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

ताई आरशासमोर उभ्या होत्या. पहिला प्रश्न विचारला तो हा, "बॅगेचा पट्टा इथूनच जातो, ड्युटीवर कधीपासून टाकू?" मी म्हटलं तीन आठवडे तरी दुसऱ्या खांद्यावर घ्या. मग त्यांनी टॅटूवर लावलेल्या पातळ फिल्मवरूनच तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मैत्रीण म्हणाली, अगदी मावशीची तुळस गं. तिने लहानपणी पाहिलेली होती ती.

दोन महिन्यांनी टचअपला आल्या. पातळ कातडीवरच्या रेघा छान बसल्या होत्या, जाड व्रणावरच्या दोन फांद्या मात्र फिकट झालेल्या, त्या परत भरल्या. ओळीतले माझे ठिपके काळे होते आणि शेवटचा निळसर, नीट बघितलं तर कळतं. फोटो प्रिंट करून दिला. त्यांनी पिशवीतून जाडजूड फाईल काढली, रिपोर्ट, पावत्या, सगळं तारखेनुसार लावलेलं, आणि शेवटच्या रिपोर्टच्या मागे तो फोटो लावला. मग म्हणाल्या स्टेन्सिलचा कागद पण दे, तोही लावते, आणि लावला.