लाल आकड्यांचा ताफा

मार्च लागला की आमच्या घरात यंदाच्या कॅरव्हॅनची, म्हणजे फिरत्या घरांच्या ताफ्यातून करायच्या सहलीची, बोलणी सुरू होतात. कुठून निघायचं, कोण कोण येणार, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले मिशिगनचे आजोबा यंदा तरी येणार का, असे फोन चालू राहतात. न्यू जर्सीत आमचं मराठी मंडळ आहे, गणपती-दिवाळी तिथे थाटात होते. पण दर उन्हाळ्यात ज्यांच्या शेजारी बिऱ्हाड मांडायचं, ते आमचं दुसरं मंडळ म्हणजे एअरस्ट्रीमवाल्यांचा क्लब.

एअरस्ट्रीम म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं घर. ॲल्युमिनियमचे चंदेरी पत्रे, त्यावर रिव्हेटांच्या ओळी, कडा सगळ्या गोलसर. क्लबात आल्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि तो मोठ्या लाल आकड्यांत घरावर लावतात. हायवेवर समोरून लाल आकडे येताना दिसले की यजमान हॉर्न वाजवतात आणि मी सभासदांची यादी उघडून कोण गेलं ते शोधते. समारंभाला डोक्यावर निळी बेरे टोपी, ती संस्थापक वॉली बायम यांच्यामुळे आली. एअरस्ट्रीम बनवणारे तेच. १९५१ साली त्यांनी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे पहिला ताफा काढला, १९५९ मध्ये तर केप टाऊनहून निघून कैरो गाठायला लोक नेले. क्लब स्थापन झाला तो मात्र १९५५ साली कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिल या गावी, फिरता ताफा तिथे मुक्कामाला असताना. म्हणून अटलांटिक कॅनडाची, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांची, फेरी ठरली की जुन्या सभासदांच्या आवाजातच फरक पडतो. माझ्याही मनात सगळ्यांत खोल रुतून बसली आहे ती हीच फेरी.

मेन राज्यातल्या कॅलेसला पूल ओलांडला की पलीकडे न्यू ब्रन्सविकचं सेंट स्टीफन. आदल्या संध्याकाळी खुर्च्या गोल मांडून पहिली ड्रायव्हर्स मीटिंग होते. लीडरबाई रस्ता समजावतात, पेट्रोल कुठे स्वस्त, कुठला चढ अवघड, टाकीतलं सांडपाणी कुठे रिकामं करायचं. कामं वाटली जातात: कुणाकडे गाड्या लावून द्यायचं, कुणाकडे जेवणाचं, कुणाकडे हिशेबाचं. बाहेरच्या लोकांना वाटतं की आम्ही सगळे एका रांगेत निघतो. पूर्वी तसं असायचं, आता दोन-दोन चार-चार घरं आपापल्या वेळेने सुटतात. सर्वांत शेवटी निघणाऱ्या जोडप्याला कबूस म्हणतात. वाटेत कुणाचं चाक बसलं, कुणी रस्ता चुकलं, तर ते मागून येऊन गाठणार, हा भरवसा असतो.

निघायच्या आधीची दहा मिनिटं मला फार आवडतात. यजमान स्टिअरिंगवर, शेजारच्या घरातलं कुणीतरी मागचे दिवे बघायला उभं. “डावा… उजवा… ब्रेक… ठीक!” असे हाकारे सगळ्या मैदानात एकाच वेळी ऐकू येतात. मग हिचखालच्या, म्हणजे गाडी आणि घर जिथे जोडतात त्या सांध्याखालच्या, साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या अडकवल्या आहेत ना, वायर जमिनीला घासत नाही ना, छपरावरची खिडकी मिटली ना, हे दुसऱ्याने पाहायचं. आपलं आपण पाहिलेलं चालत नाही. पहिल्या आठवड्यात अनोळखी असलेली माणसं अशा तपासणीतूनच जवळची होतात, असं माझं ठाम मत आहे.

न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया यांच्या मधल्या फंडीच्या उपसागरापाशी मी गप्प झाले. माझं माहेर गोव्यात, मांडवीच्या काठी, भरती-ओहोटी पाहत वाढले. पण इथे सकाळी होपवेल रॉक्सच्या पायथ्याशी, उघड्या समुद्रतळावरून, शेवाळ लोंबणाऱ्या खडकांमधून आम्ही चालत फिरलो आणि दुपारी त्याच जागी कयाक, म्हणजे छोट्या अरुंद होड्या, चालल्या होत्या. आणखी आत, मिनस बेसिनमध्ये, पाण्याची पातळी १६ मीटरपर्यंत चढते-उतरते. उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, आणि त्यातलं पाणी एकदा आतबाहेर हिंदकळायला जितका वेळ घेतं तो भरतीच्या चक्राशी जवळजवळ जुळतो, म्हणून प्रत्येक भरतीला जोर चढत जातो. ताफ्यातल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी हे आम्हाला भांडी घासायच्या टबातलं पाणी हलवून दाखवलं होतं.

केंटव्हिलला निळ्या टोप्या घालून फोटो निघाला, जुन्यांनी जुन्या गोष्टी सांगितल्या. माझ्यासाठी मात्र त्या मुक्कामाचं खरं देणं जवळच असलेलं ग्रां-प्रे. सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच वंशाचे अकेडियन लोक इथे आले आणि त्यांनी खाऱ्या दलदलीला बांध घालून समुद्राकडून शेती मिळवली. दलदलीतलं गवत मुळांसकट, विटांसारखं कापून त्याचे बांध रचायचे. बांधाच्या पोटातून लाकडी नळ काढायचा आणि त्यात एक झडप टांगायची. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्राचं पाणी त्याच झडपेला दाबून बंद करतं. मग दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुऊन निघालं की जमीन कसायला तयार.

संग्रहालयात ते लाकूड पाहिलं आणि मी मोठ्यानेच म्हणाले, “अहो, हे तर आपलं मानस!” गोव्याच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, बांधाला असंच लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात, तेही भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं. लहानपणी आजोबांबरोबर बांधावरून चालताना मानशीपाशी मासे पकडणारे लोक पाहिले होते. लीडरबाईंनी ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी मला सगळ्यांपुढे उभं केलं. खाजन म्हणजे काय, बांध कुणी राखायचा, फुटला तर गावाने काय करायचं, हे मी इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. लोक प्रश्न विचारत राहिले, शेकोटी विझत आली तरी उठेनात. या अकेडियन लोकांना १७५५ पासून ब्रिटिशांनी देशोधडीला लावलं. ग्रां-प्रेच्या पुरुषांना ५ सप्टेंबरला चर्चमध्ये बोलावून फर्मान ऐकवलं. माणसं गेली, बांध राहिले, आजही त्या बांधांमागे पीक उभं असतं. २०१२ पासून तो सगळा परिसर जागतिक वारसा आहे. बांध म्हणजे किती हातांची किती वर्षांची मेहनत असते हे मला माहीत आहे, म्हणून तिथून पाय निघेना.

पॉटलकला प्रत्येकजण एक पदार्थ आणतो. तिथल्या एका बाईंनी हॉज-पॉज शिकवलं: कोवळे बटाटे, गाजर, मटार, शेंगा, लोणी आणि साय. मी सोलकढी करायचे, आमसुलं बरोबर असायचीच. पहिल्या वर्षी लोकांनी तो गुलाबी रंग बघून बिचकत घोट घेतला. पुढच्या वर्षीपासून मोठं पातेलं करावं लागलं. लॉबस्टरच्या जेवणानंतर तर ती हटकून लागायची.

प्रिन्स एडवर्ड आयलंडला जाणारा पूल १२.९ किलोमीटर लांब, १९९७ सालचा. वारा वाढला की आमच्यासारख्या ट्रेलरवाल्यांना त्यावर सोडत नाहीत. एकदा आमचा अख्खा ताफा अलीकडेच अडकला. कुणी कुरकुरलं नाही. शेगड्या पेटल्या, चहा झाला, फिडल निघालं, पत्त्यांचे डाव पडले. बेटावर काय काय पाहिलं ते आता नीट सांगता येणार नाही, पण त्या दुपारचा प्रत्येक तास आठवतो.

न्यूफाउंडलंड बेटाला नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीहून रात्रीची फेरीबोट. गॅसच्या टाक्या बंद केल्याशिवाय आत घेत नाहीत. त्या बेटाचं घड्याळ शेजाऱ्यांपेक्षा अर्धा तास पुढे असतं, भारतासारखंच अर्ध्या तासाचं, त्यामुळे उन्हाळ्यात तिथून भारत बरोबर आठ तास पुढे. गोव्यात आईला फोन करताना हिशेब करायला लागला नाही. लान्स ओ मेडोजला वायकिंगांच्या गवताच्छादित घरांचे अवशेष आहेत. तिथे त्यांनी तोडलेलं लाकूड इसवी सन १०२१ मधलं असल्याचं सिद्ध झालं आहे. सिग्नल हिलवर १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा बिनतारी संदेश टिपला. आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना रम पाजून कॉड माशाचा मुका घ्यायला लावतात, त्याला स्क्रीच-इन म्हणतात. मिशिगनच्या आजोबांनी तो मुका इतक्या प्रेमाने घेतला की गावकरी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शेवटच्या रात्री निरोपाचं जेवण असतं. ज्यांनी जी जबाबदारी सांभाळली त्यांची नावं घेतली जातात, वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावंही. मग टेबलावर नकाशे उघडले जातात आणि पुढच्या फेरीची नावनोंदणी तिथेच सुरू होते. गेल्या खेपेला आम्ही आमचं नाव पहिल्या पाचात लिहिलं. आजोबांचाही फोन आला आहे, गुडघा बरा आहे, सोलकढी हवी म्हणतात. आमसुलं गोव्याहून मागवली आहेत.