डोक्यासाठी मांड्यांचा व्यायाम कशाला?

"आई रोज शब्दकोडं सोडवते, मग विसरभोळेपणासाठी तिला खुर्चीवरून उठाबशा कशाला?" ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये लेकी-सुना हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के. पण नुसतं बसून असतानाही शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तोच खातो, आणि त्याचं मुख्य इंधन साखर. जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्यात मोठा वाटा स्नायूंचा. त्यांना काम नसलं की ते साखर आत घ्यायला सांगणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाला दाद देईनासे होतात आणि साखर रक्तात रेंगाळते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, त्याचं हे एक कारण. बारीक अंगकाठीवर विसंबू नका. आपल्याकडे सडपातळ माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कधीच दाखवून दिलंय.

मला सगळ्यात आशा वाटते ती पुढच्या गोष्टीची. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो. शिवाय जोर लागला की तो लॅक्टेट सोडतो. एकेकाळी टाकाऊ समजलं गेलेलं हे लॅक्टेट रक्तातून मेंदूत पोचतं आणि तिथे इंधन म्हणून वापरलं जातं.

2011 मध्ये अमेरिकेत 120 ज्येष्ठांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, सुमारे 2 टक्के वाढला. फक्त अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व्यायाम करणाऱ्यांचा 1.4 टक्के घटला. यावरून स्मृतिभ्रंश टळतोच असं मात्र कुणी सांगू नये.

आता उठाबशा. आईंना खुर्चीच्या कडेला बसवा, टाचा जरा मागे, हात छातीवर. उठणं बहुतेकींना जमतं, बसताना मात्र त्या धपकन बसतात. तिथेच थांबवा आणि सावकाश बसायला सांगा. सावकाश खाली येताना मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू कसा टणक लागतो! खरं काम तिथे चाललेलं असतं. दम थोडा लागायला हवा, पण बोलता आलं पाहिजे. शब्दकोडं चालू राहू द्या. रात्री जेवल्यावर कचराळी तलावाभोवती एखादी फेरी झाली तर फारच छान. त्या इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि साखर एकदम उतरली तर हाताशी असावी म्हणून पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा.