पुरात भिजलेलं घर आहे तसंच विकताना

पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तेव्हा भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती आणि कपाटाचं दार फुगून उघडतच नव्हतं, ती रेघ अजून डोळ्यासमोरून जात नाही. ओल्या भिंतींना २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, आम्ही पोचेपर्यंत तर वास मारत होता.

दुरुस्ती करून विकायची ताकदच नव्हती, पैशाची पण आणि मनाची पण, म्हणून आहे तसंच, कर्ज न काढता एकरकमी पैसे देणाऱ्याला द्यायचं ठरवलं. पहिली ऑफर ऐकून बाईंना (म्हणजे आईला) रडूच फुटलं. नंतर हिशोब कळला, घेणारा माणूस दुरुस्त घराला किती भाव येईल ते धरतो, त्यातून दुरुस्तीचा खर्च, स्वतःचा नफा आणि भिंतीआड काय निघेल याची भीती वजा करतो. ही भीती कमी केली की भाव वाढतो! आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया तपासून रिपोर्ट घेतला, तो हातात ठेवल्यावरच बोलणी पुढे सरकली.

अन् एक, सफाईच्या आधी फोटो काढा, विम्याचा क्लेम कोणाला मिळणार ते करारात स्पष्ट लिहून घ्या, घरावर कर्ज असेल तर आधी बँकेशी बोला. आणि आहे तसं विकतोय म्हणून पाणी शिरलं होतं हे लपवू नका हो, आम्ही ती रेघ रंगवली नाही, तशीच दाखवली.