तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा आकडा की वेधशाळेचा?

आमच्या पुण्यातल्या गच्चीवर तापमापक आणि पर्जन्यमापक आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे ४१ दिसतंय, बातम्यांत तर ३८ सांगितलं. खरं कुणाचं धरायचं?"

माझं उत्तर असं: तापमान वेधशाळेचं धरा, पाऊस मात्र घरचा.

शिवाजीनगरच्या वेधशाळेत, म्हणजे आपल्या सिमला ऑफिसात, तापमापक मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो. वारा आत खेळतो, ऊन लागत नाही. मोजायची असते ती सावलीतली हवा. घरी आपण तापमापक भिंतीला टांगतो. ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे किमान तापमानही चढंच दिसतं. यावर साधा उपाय आहे. कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या पालथ्या, मध्ये बोटभर फट ठेवून एकावर एक बसवायच्या, मधल्या ताटल्यांना भोक पाडून त्यात तापमापक ठेवायचा आणि हे सगळं भिंतीपासून दूर खांबावर लावायचं. फरक बराच कमी होतो.

हवेच्या दाबाचं थोडक्यात सांगते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून घरचं यंत्र ९४५ हेक्टोपास्कलच्या (दाबाचं एकक) आसपास दाखवतं. बातम्यांतला हजाराच्या पुढचा आकडा समुद्रसपाटीवर दाब किती असता, ते हिशेबाने काढून सांगितलेला असतो. यंत्र बिघडलेलं नाही, परत करू नका!

पावसाचं गणितच वेगळं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५सुद्धा नाही. मग शिवाजीनगरच्या आकड्यावरून कात्रजचा पाऊस कसा कळणार? तुमच्या डोक्यावर किती पडला हे तुमचंच माप सांगेल, फक्त ते कठड्याच्या किंवा झाडाच्या आडोशाला नको. अशी मापं गल्लोगल्ली हवीत असं मला मनापासून वाटतं.

आणि एक. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, तर घरची बरीच स्वयंचलित यंत्रं मध्यरात्री शून्यावर येतात. आकडे ताडून बघायचे असतील, तर काल सकाळी साडेआठनंतरचा आणि आज साडेआठपर्यंतचा पाऊस एकत्र करून आजच्या तारखेला लिहा.